दिवाळीला आलेली मुलं परत पाठवू नको का?

"मावशी, दीड वर्षापूर्वी आमचा संमतीने घटस्फोट झाला. यांचं गलाईचं (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं) दुकान कोइमतूरला. तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं, म्हणून दोन्ही मुलांचा ताबा त्यांच्याकडे लिहून दिला. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी साडेचारची. राहतात विट्याला आजी-आजोबांजवळ, वडील वर्षातून दोनदा येतात. मी आता सांगलीत आईकडे आहे, मार्केट यार्डात अडत दुकानात हिशेब लिहिते, पगार १५ हजार. मुलं दिवाळीच्या सुट्टीत येणार आहेत. भाऊ म्हणतो, परत पाठवूच नको. काय करू?"

भावाचं ऐकू नकोस गं. त्याची माया कळते मला. पण मुलं ठेवून घेतलीस तर कोर्टात पहिला प्रश्न तुलाच येईल, हुकूम का मोडलास?

लिहून दिलंस म्हणून परतीचे दोर कापले गेलेले नाहीत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटानंतरही ताब्याची व्यवस्था बदलून मागता येते. ज्या कोर्टाने हुकूमनामा दिला, तिथेच अर्ज कर. १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात ५ वर्षांखालचं मूल 'साधारणपणे' आईजवळ असावं असं म्हटलंय. (या एका शब्दावर वकील किती भांडतात ते तू बघशीलच.) तुझी लेक साडेचारची, तेव्हा संक्रांत होऊ दे, मग बघू, असं करत बसू नकोस.

पगाराची धास्ती सोड. मुलं तुझ्याकडे आली तरी बापाची खर्चाची जबाबदारी सुटत नाही. वकिलाच्या फीचंही ओझं घेऊ नकोस. सांगलीतच विजयनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

खरी गाठ वेगळीच आहे. ताबा कागदावर बापाचा, पण डबा भरते आजी, तापात उशाशी बसते आजी. बाप हजार किलोमीटरवर, ही तुझी जमेची बाजू. आणि ज्या बाईच्या हातून मुलं काढून घ्यायची तिने काही वाईट केलेलं नाही, हीच तुझी अडचण. तुझ्या पत्रात सासूबद्दल एक वाकडा शब्द नाही. अर्जातही येऊ देऊ नकोस, वकिलाने कितीही आग्रह केला तरी. मुलं इकडे आली तरी आजी सुटणार नाही, सुट्टीत जायचं घर तेच राहील, हे अर्जातच लिहून टाक.

मुलाचं काय? न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून विचारू शकतात. नऊ वर्षांच्या पोराचं म्हणणं ऐकलं जातं, पण तेवढ्यावरच निकाल लागत नाही. तो कदाचित "विटा" म्हणेल. मित्र तिथे, मैदान तिथे. भावंडांची ताटातूट कोर्टं शक्यतो टाळतात, त्यामुळे त्याच्या उत्तराचं वजन बहिणीवरही पडेल. म्हणून त्याला पढवू नकोस, आणि "तुला कुणाकडे राहायचंय?" हे तर कधीच विचारू नकोस. त्यापेक्षा भेटीचा ठरलेला एकही दिवस चुकवू नकोस. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, ती तिकिटं जपून ठेव, कामी येतील. त्याच्या वर्गशिक्षकांना भेट. लेकीच्या लसींचं कार्ड बघून घे. सांगलीतल्या शाळेची चौकशी आत्ताच कर, पण शाळा बदलायची ती जूनमध्ये, मधेच दाखला काढायला लावू नकोस.

दिवाळीत भरपूर लाड कर. किल्ला त्यालाच करू दे, माती तू मळून दे. आणि ठरलेल्या दिवशी मुलांना विट्याला तू स्वतः सोडायला जा, भावाला पाठवू नकोस. सासूबाईंसाठी फराळाचा डबा ने आणि अर्ज करणार आहेस हे त्यांना तूच सांग. कोर्टाच्या नोटिशीतून कळायला नको.