पाना हातात घेण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री पाहिले. झोप लागेना, म्हणून उठून पुन्हा पाहिले. १९६८ ची अमेरिकन पॉन्टियाक जीटीओ, व्हर्डोरो ग्रीन या हिरव्या रंगाची, पहिल्या दिवसापासून एकाच घरात राहिलेली, आणि ती तुला मिळाली! फार आनंद झाला. पण खाली तू लिहिलंयस, "शनिवारी सगळं इंटिरियर उचकटते, पुढच्या महिन्यात रंगाला देते, ऑगस्टमध्ये वुडवर्डवरच्या जुन्या गाड्यांच्या फेरीला नवी कोरी करून नेते." ते वाचून पोटात गोळा आला. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे. शनिवारी काहीही काढू नकोस.

माझी १९६७ ची जीटीओ तू पाहिली आहेस. ती घेतली तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो आणि अंगात हीच घाई होती. पहिल्याच आठवड्यात बॉनेट उघडून थिनर आणि फडकं घेतलं आणि इंजिनामागची पत्र्याची भिंत घासून लख्ख केली. घासता घासता एक मेणखडूचा आकडा दिसला, शेजारी तिरकी रेघ. कुणा मेकॅनिकनं खरडलं असेल, असं समजून तेही पुसलं. कार्पेटखाली तेलकट, दुमडलेला एक कागद होता, तो उंदरांच्या घाणीबरोबर कचऱ्यात गेला. दोन वर्षांनी जुन्या गाड्यांतला एक जाणकार घरी आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला तो त्या खुणांबद्दल. असेंब्ली लाइनवरची माणसं तपासणी झाली की मेणखडूनं अशा खुणा करत. म्हणजे माझी गाडी तयार होताना कुणाच्या तरी हातानं केलेली ती खूण होती आणि मी ती दहा मिनिटांत घालवली. कागद काय होता, ते आता कधीच कळायचं नाही. गाडी आज चकचकीत आहे, पण तिच्या जन्माचा तेवढा पुरावा माझ्याच हातून गेला.

म्हणून तुझं पहिलं काम वाचायचं. त्याला पाना लागत नाही.

पॉन्टियाक घेतलीस यात एक मोठं भाग्य आहे. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे १९६१ पासूनच्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत. गाडीचा नंबर (प्लेटवरचा नव्हे, कारखान्यानं दिलेला) आणि फी पाठवलीस की मूळ बिलाची प्रत मिळते: कुठल्या डीलरकडे गेली, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, जादा पैसे देऊन घेतलेले कुठकुठले ऑप्शन. फोर्डवाल्यांना १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी अशाच नोंदींचा मार्टी रिपोर्ट मिळतो. अमेरिकेत बनलेल्या शेवरलेच्या अशा नोंदी बहुतेक उरलेल्या नाहीत. डॉज-प्लिमथवाले सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला असेंब्लीचा कागद शोधत बसतात. ती प्रत आजच मागव.

आमच्या गाड्यांत या कागदाला इतकं महत्त्व का, ते जीटीओच्या जन्मातच आहे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा पॉन्टियाकची मालक असलेल्या जनरल मोटर्सचा नियम होता. जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या पॉन्टियाकच्या इंजिनीअरांनी ३८९ घनइंचांचं इंजिन टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत बसवायचं ठरवलं आणि १९६४ साली ते नवं मॉडेल म्हणून न काढता टेम्पेस्ट लमाँ या मॉडेलवरचा ऑप्शन म्हणून विकलं. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. पण ऑप्शन असल्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाडीच्या नंबरात जीटीओ कुठेच दिसत नाही. साध्या लमाँला बिल्ले लावून जीटीओ म्हणून विकणारे तेव्हापासून आजपर्यंत आहेत आणि तिथे खरं-खोटं ठरतं ते बिलावरूनच. १९६६ ला जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, त्यामुळे तुझ्या गाडीचा नंबर स्वतःच बोलतो. डॅशबोर्डवर काचेतून दिसतो तो वाच: २४२ म्हणजे जीटीओ, ३७ म्हणजे दोन दारांची, पक्क्या छताची हार्डटॉप, ८ म्हणजे १९६८, आणि 'पी' म्हणजे पॉन्टियाक शहरातला कारखाना. त्या वर्षीच्या ८७,६८४ जीटीओंपैकी ७७,७०४ हार्डटॉप होत्या, म्हणजे तुझी गाडी दुर्मीळ नाही. पण मूळ रंगात, मूळ इंजिनासह, एकाच घरातली, अशा किती उरल्या असतील, तो विचार कर.

आता इंजिन. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाढलो, वडील ओतकामात होते. त्यामुळे बीडाच्या ब्लॉकवरचे आकडे वाचायला लागलं की मला अजून भट्टीचा वास येतो. टॉर्च घे, कापडाला जरासं केरोसीन लाव आणि फक्त आकड्यांपुरती जागा हळूच पूस. वायर ब्रश लावू नकोस. ब्लॉकच्या पुढच्या तोंडावर, पॅसेंजरच्या बाजूला, हेडच्या खाली दोन अक्षरं ठोकलेली सापडतील. तुझी ऑटोमॅटिक आहे, म्हणजे ३५० अश्वशक्तीच्या ४०० घनइंची इंजिनाला तिथे 'वायएस' हवं. १९६८ पासून गाडीच्या नंबराचा शेवटचा भागही ब्लॉकवर ठोकलेला असतो, तो डॅशबोर्डवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. मग मागे, डिस्ट्रिब्युटरजवळ, ओतकामाची तारीख उठावात आलेली असते. पहिलं अक्षर महिन्याचं, मधले दोन आकडे दिवसाचे, शेवटचा वर्षाचा. 'बी१४८' दिसलं तर १४ फेब्रुवारी १९६८. आता बॉनेटखाली मागच्या भिंतीवरची बॉडीची पट्टी बघ. तिथे '०३बी' असेल तर बॉडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली. आधी इंजिन ओतलं, मग महिन्याभरात गाडी उभी राहिली, हा क्रम बरोबर आहे. ओतकामाची तारीख गाडीच्या नंतरची निघाली, तर ते इंजिन तिचं नव्हे. त्याच पट्टीवर रंगाच्या जागी 'क्यू' दिसलं की हिरवा रंग जन्माचा. सगळ्याचे फोटो काढ, एक जवळून आणि एक जरा लांबून, म्हणजे आकडा कुठे आहे तेही कळेल.

रंगाचं सांगतो, कारण तिथेच तुझं मन अडकलंय. जनरल मोटर्स तेव्हा ॲक्रिलिक लॅकर मारायची. त्याची चमक खोल आणि मऊ असते, आजच्या क्लिअरकोटची, म्हणजे वरच्या पारदर्शक थराची, काचेसारखी असते. डाव्या दारावर रंग उडालाय, मागच्या मडगार्डच्या कडेला प्रायमर दिसतंय, आणि पुढच्या एन्ड्युराच्या, म्हणजे रबरासारख्या लवचीक मटेरियलच्या, बंपरला तडे आहेत. मला ते सगळं बघवतं. नवा रंग कधीही मारता येईल, पाच वर्षांनी किंवा वीस वर्षांनी. कारखान्यातला परत आणता येणार नाही. आधी साध्या पाण्यानं धू, मग एका कोपऱ्यात हातानं हलकं पॉलिश लावून बघ. मशीन लावू नकोस. लॅकर पातळ असतं आणि कडांवर पटकन निघून जातं.

गंज मात्र थांबत नाही, तिथे वाट बघायची नाही. मागच्या काचेच्या खालचा पत्रा, डिकीचा तळ, मागच्या चाकांमागचे कोपरे, पुढच्या मडगार्डची खालची टोकं, पायाखालचा पत्रा. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ याच जागी साठतं. लहानसं चुंबक कापडात गुंडाळून फिरव. जिथे धरत नाही, तिथे कुणीतरी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

जिवाशी खेळ असेल तिथे जुनं जपायचा हट्ट नको. ब्रेकचे होज, पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि टायर बदल. टायर दिसायला चांगले असले तरी बदल. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुनं रबर खातं, गळती गरम इंजिनावर होते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेव, टाकू नकोस. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं वापर. आजच्या गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी तेलातलं ते कमी केलंय, आणि तुझ्या इंजिनाचा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याच्यावरच जगतो.

आणि टायमिंगचं चक्र. हे मी रस्त्यावर शिकलो. पॉन्टियाकनं त्या काळी आवाज कमी व्हावा म्हणून कॅमच्या चक्राच्या दातांवर नायलॉन चढवलेलं असायचं. वर्षांनुवर्षं तापून ते ठिसूळ होतं. माझी गाडी फ्लिंटला जाताना हायवेवर एकदम गप्प झाली, एक फट्‌ असा आवाज, बस्स. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं तर तेलात पिवळट तुकडे, कापलेल्या नखांसारखे, आणि ऑइल पंपाची जाळी त्यांनीच बुजलेली. नशीब, लगेच बंद पडली, नाहीतर बेअरिंगं गेली असती. तुझ्या गाडीचं ते चक्र कधी बदलल्याची नोंद नसेल, तर लांब न्यायच्या आधी चेन आणि चक्र बदलून घे, पूर्ण लोखंडी दातांचं.

आता सगळ्यात निकडीचं. ज्या आजींकडून गाडी घेतलीस त्यांच्याकडे पुन्हा जा. काही मागायला नव्हे, बसायला जा. जाताना घरचं काही खायला घेऊन जा. नवऱ्यानं गाडी कुठून आणली, त्याआधी कुठली गाडी होती, पहिला लांबचा प्रवास कुठला, धडक कधी बसली, विचार. जुन्या अल्बममध्ये गाडीचा कोपरा दिसणारा एखादा फोटो असतोच, मुलांच्या वाढदिवसाचा किंवा बर्फातला. त्याची प्रत त्यांच्या परवानगीनं घे. हातमोज्यांच्या कप्प्यात मालकाचं पुस्तक आहे म्हणालीस, त्यात पेन्सिलीनं लिहिलेल्या तेलबदलाच्या तारखा असतील तर त्या खोडू नकोस. ब्लॉक पन्नास वर्षांनीही वाचता येईल. आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत.

विमा 'ठरलेल्या किमती'चा घे, रोजच्या गाडीसारखा नको. हिवाळ्यात उभी करशील तेव्हा टाकी भरून पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घाल, बॅटरी मेंटेनरवर, म्हणजे हळू चार्ज ठेवणाऱ्या चार्जरवर, ठेव, आणि मन राहावत नाही म्हणून जानेवारीत पाच मिनिटं सुरू करू नकोस. इंजिन पुरतं तापत नाही, आणि सायलेन्सरमध्ये व तेलात पाणी तेवढं साठतं.

वुडवर्डला ये, अगदी जरूर ये. उडालेल्या रंगासकट ये. ऑगस्टच्या उन्हात तिथे तासन्‌तास गोगलगाईच्या चालीनं जावं लागतं, म्हणून त्याआधी रेडिएटर आणि फॅनचा क्लच एकदा बघून घेऊ.

रविवारी सकाळी नऊला येतो. चुंबक, टॉर्च आणि छोटा आरसा मी आणतो, तू केरोसीन आणि जुने सुती कपडे तयार ठेव. मागची सीट आपण दोघं मिळून काढू, सावकाश, आणि तिच्या खाली जे काही निघेल ते आधी जिथल्या तिथे फोटोत घेऊ.

तुझा,
काका