व्हिडिओ राहू दे, आधी खांबाचा नंबर लिहून आण

बेटा,

तू पाठवलेला तुझ्या वर्गाचा स्वच्छतेचा व्हिडिओ काल रात्री पाहिला आणि आज सकाळी चहा घेता घेता पुन्हा पाहिला. चौथीच्या पोट्ट्यांकडून एवढं करून घेतलंस, मेहनत दिसते, खोटं कशाला बोलू. पण सगळे पाठ केलेलं बोलून राहिले गं. 'नागरिकांनी कचरा कचराकुंडीतच टाकावा' हे तर घरी पलंगावर बसून पण म्हणता येते, त्यासाठी त्यांना उन्हात कशाला उभं केलंस?

मी बोलू शकते कारण हेच सगळं मी आधी करून बसलेली आहे. पहिल्या वर्षी माझ्याही व्हिडिओत मागे गाणं होतं, फुलं उडत होती, शेवटी सगळ्यांनी हात जोडले, स्नेहसंमेलनात टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात सहज विचारलं की शाळेसमोरचा कचरा उचलायचं काम कोणाचं, तर अर्धे म्हणाले कलेक्टर साहेबांचं, एक म्हणाला पोलिसांचं आणि मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, तुमचं." त्यांनीच तो व्हिडिओ केला होता बरं का.

मग पुढच्या वर्षी विषय एवढासा घेतला. शाळेच्या फाटकाबाहेरचा बंद दिवा, बस. पाच पोरांचा ग्रुप, शाळेचा एकच मोबाईल, आणि प्रश्न एकच, हे काम कोणाचं. पोरं आधी चौकीदार काकांना विचारून आली, ते म्हणाले एमएसईबी (महावितरण कोणी म्हणतच नाही आपल्या नागपुरात). तिथला एक लाइनमन गल्लीत भेटला, तो म्हणाला दिवा मनपाचा, झोन ऑफिसला जा, खांबाचा नंबर घेऊन जा. आता खांबाला नंबर असते हे मला पण माहीत नव्हतं! पोरं पळत गेली, नंबर अर्धा पोस्टरखाली गेलेला, एकीनं नखानं पोस्टर खरवडलं आणि दुसऱ्यानं ते खरवडणंच शूट केलं. माझ्या मते त्या अख्ख्या फिल्ममधला तो सगळ्यात चांगला शॉट आहे, हललेला आहे तरी.

त्या एका दिव्याच्या मागे लागून पोरांना कळलं की मनपाचे दहा झोन आहेत, 151 नगरसेवक असतात, आणि एकानं विचारलं, "मॅडम, आपल्या प्रभागात चार चार काऊन?" हा प्रश्न पुस्तकातून कधीच आला नसता. रस्त्याचा विषय मात्र पहिल्या वर्षी घेऊ नको. आपल्या इथे कोणता रस्ता मनपाचा, कोणता नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा), कोणता पीडब्ल्यूडीचा हे मोठ्या माणसाला सांगता येत नाही. नासुप्र तर 1936 च्या कायद्यानं झालेली संस्था, मनपा 1951 ची, दोघांची कामं एकमेकात गुंतलेली, लेकरं हैराण होतात आणि आपण पण.

दिवा लागला, पण शाळा दिवसा, दिवा रात्री, मग पाहणार कोण? समोरच राहणाऱ्या एका पोरीनं आईच्या फोनवरून व्हॉइस मेसेज पाठवला, "मॅडम, लागला." मागे कुकरची शिट्टी. चार सेकंदाचा असेल. फिल्मच्या शेवटी आम्ही काळा स्क्रीन ठेवला आणि फक्त तोच आवाज.

आता परवानगीचं सांगते, इथे मी जास्त बोलणार कारण इथे मी जास्त चुकली आहे. एका ग्रुपनं कचरागाडीवाल्या दादाचं शूटिंग केलं, न विचारता, आणि मी हौसेनं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तिथून ते वस्तीभर फिरलं, आणि वरच्या साहेबानं त्या दादालाच झापलं. चूक पोरांची नव्हती, टाकलं मी होतं. पाचही पोरांना घेऊन माफी मागायला गेली. तो म्हणाला, "ओला सुका एकत्र टाकता, तो मलेच हातानं निवडा लागते, ते दाखवा ना." मग म्हणे चेहरा नको, हात घ्या. फाटलेला हातमोजा, त्यातून बाहेर आलेलं बोट. कचरा घरातच वेगळा करायचा हे 2016 पासून नियमात लिहिलेलं आहे, आणि 'हे काम कोणाचं' याचं उत्तर त्या दिवशी फिरून पोरांच्या घरात आलं, कोणी काही बोललं नाही.

तेव्हापासून प्रत्येक ग्रुपमध्ये एक पोरगा किंवा पोरगी फक्त परवानगी विचारायला असते, दर आठवड्याला पाळी बदलते, नाही म्हटलं तर मोबाईल खिशात. पोरांच्या पालकांकडून लेखी घे, आणि फिल्म शाळेतच दाखव. कोणता शॉट काढायचा हे वर्गात हात वर करून ठरवायचं, आणि ज्याचा शॉट कटला त्याला आधी बोलू द्यायचं. भांडणं होतात, होऊ दे.

व्हिडिओच पाहिजे असं पण नाही. हिवाळी अधिवेशनात माझ्या वर्गातल्या एकानं ऑटो चालवणाऱ्या बाबांचा आवाज रेकॉर्ड करून आणला, यशवंत स्टेडियमवरून मोर्चा निघाला की ते कसे फिरून जातात आणि तरी मोर्चा निघालाच पाहिजे असं त्यांना का वाटते. पंखा बंद करून, तोंडाजवळ मोबाईल धरून, खर्च शून्य. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघणारे बडगे आहेतच की, शंभरावर वर्षं झाली, लोक पुतळ्यावर आपली तक्रार लिहून रस्त्यानं नाचवतात. पुठ्ठ्याचा बडगा करायला लाव, 'घेऊन जा गे मारबत' च्या आधी काय म्हणायचं ते त्यांनाच ठरवू दे.

एडिटिंगचं विचारलंस, ते कॅनव्हात कर नाहीतर कशातही कर, मला त्यात गती नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी ये, तर्री पोहे करते. आणि येताना तुझ्या शाळेसमोरच्या खांबाचा नंबर घेऊन ये. त्या पोरीचा व्हॉइस मेसेज अजून आहे माझ्याकडे, ऐकवते.

तुझी,
मॅडम