मी सांभाळतो, असं म्हणून बसलो

"मूळ लेखक निघून गेला, त्याला कोणी काही बोललं नाही. मी मात्र स्वतःहून हात वर केला होता. मी कसा सोडू?"

हे विचारणारा पस्तिशीतला प्रोग्रॅमर. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण बेवारस पडलेलं सॉफ्टवेअर हौसेने अंगावर घेतलेल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट आपलीच वाटेल. नोकरीत त्याला एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये कुणालाही वापरता येणारा तयार कोड, लागायची. तिचा लेखक कित्येक महिने गप्प होता. याने बग दुरुस्त करून पाठवले आणि सोबत लिहिलं, "वेळ नसेल तर मी सांभाळतो." लेखकाने लगेच सगळे अधिकार देऊन टाकले आणि आभार मानून तो गेला तो गेलाच. पुढे याची नोकरी बदलली. नव्या कामात त्या लायब्ररीचा संबंधही उरला नाही. उघडे इश्यू, म्हणजे वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या आणि अजून न सुटलेल्या तक्रारी-मागण्या, मात्र दोनशेच्या वर गेले.

त्याने मला फोनवर एक इश्यू दाखवला. खाली कुणीतरी विचारलेलं, "काही अपडेट?" त्याखाली तेच, पुन्हा तेच. हा दर वेळी उत्तर लिहायला घ्यायचा, पुसायचा, आणि नोटिफिकेशन 'न वाचलेलं' करून ठेवायचा. झोपताना तेच डोक्यात. आळशी माणूस इतका त्रास करून घेत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला ते फारसं पटलं नाही.

मग मी विचारलं, लायसन्समध्ये काय लिहिलंय? एमआयटी लायसन्स होतं. त्यात सरळ म्हटलंय की सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलं जातंय, कसलीही हमी नाही. म्हणजे त्या दोनशे जणांचं याच्याकडे काहीही येणं निघत नव्हतं. "कायद्याने नसेल, पण शब्द दिला होता ना," तो म्हणाला. बरोबर आहे. शब्द होता. पण कशाचा? 'सांभाळतो' म्हणजे प्रत्येकाची मागणी जन्मभर पुरी करतो, असं त्या मेलमध्ये कुठेच नव्हतं. ते त्याने नंतर, एकट्याने, स्वतःवर लादून घेतलं होतं.

आम्ही इश्यूंची यादी उघडून बसलो. मला त्यातलं तांत्रिक ओ की ठो कळत नाही, पण एक प्रश्न पुरला: याकडे दुर्लक्ष केलं तर कुणाचं नुकसान होईल? सुरक्षेतली भोकं आणि डेटा खराब करणाऱ्या चुका, एवढंच ठामपणे उरलं. बाकी बहुतेक सगळं 'हेही असतं तर बरं झालं असतं' या जातीचं.

खरी भीती पुढे निघाली. दुसऱ्याला देऊन का टाकत नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, "इव्हेंट-स्ट्रीमचं झालं तसं झालं तर?" 2018 मध्ये त्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या थकलेल्या लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला अधिकार दिले, आणि त्या माणसाने बिटकॉइन चोरणारा कोड आत घुसवला. एक्सझेड या फाइली आकाराने लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. तिथल्या मेंटेनरने, म्हणजे ते सांभाळणाऱ्याने, 2022 मध्ये आपलं मानसिक आरोग्य बरं नसल्याचं आणि हे बिनपगारी हौसेचं काम असल्याचं उघडपणे लिहिलं होतं. तरीही काही खाती त्याला संथपणावरून टोचत राहिली. मदतनीस म्हणून जवळ आलेल्याने विश्वास मिळवला, आणि मार्च 2024 मध्ये त्या सॉफ्टवेअरमध्ये लपवलेला चोरदरवाजा सापडला. ही भीती मी खोडून काढली नाही. फक्त एवढं म्हटलं की तिथे घात झाला तो थकव्याच्या आडून. थकून बसून राहणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

सोडण्याच्या रीती या क्षेत्रात आधीपासून आहेत, हे मला त्याच्याकडूनच कळलं. डेबियन या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पॅकेज, म्हणजे त्यातलं एखादं सॉफ्टवेअर, रीतसर 'अनाथ' म्हणून जाहीर करतात, मग ज्याला हवं तो दत्तक घेतो. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचा कोडसाठा, 'आर्काइव्ह' करता येते: कोड वाचता येतो, कुणालाही फोर्क करता येतो, म्हणजे आपली वेगळी प्रत काढता येते, नवे इश्यू येत नाहीत. हे सगळं माहीत असूनही स्वतःच्या बाबतीत मात्र त्याला तो पळपुटेपणा वाटत होता. माझ्या मते, दोन वर्षं गप्प राहून लोकांना आशेवर ठेवणं जास्त वाईट, आणि तेही मी त्याला स्पष्टच ऐकवलं.

शेवटी त्याने रीडमीच्या, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या पानाच्या, वर चार ओळी लिहिल्या: फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतील, नवी फीचर्स नाहीत, उत्तराला उशीर होईल, सांभाळायला कुणी हवं आहे. त्या ओळी 'माफ करा'ने सुरू होत होत्या. तेवढा शब्द आम्ही काढला. दोघातिघांनी खरमरीत लिहिलं. बाकीच्यांनी काहीच लिहिलं नाही, आणि या शांततेने तो जरा नाराजच झाला, हेही खरं.

एक जण आता नियमित पुल रिक्वेस्ट, म्हणजे स्वतः केलेले बदल मुख्य कोडमध्ये घेण्यासाठी, पाठवतो. त्याला कोड तपासायचं काम दिलंय. नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार मात्र अजून आमच्या मित्राकडेच आहे. तो कधी द्यायचा, हे त्याने ठरवायचंय. मी घाई करत नाही.