टोकन दिलं आणि झोप गेली

‘फ्लॅटचं टोकन दिलं त्या रात्रीपासून झोप लागत नाही. म्हणजे आमचा निर्णय चुकला का?’

सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न आता वारंवार कानावर येतो. विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे असतात. दोघंही कमावते, जुन्या पेठेत वाढलेले आणि आता जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूला घर बघणारे. आधीच्या पिढीनं कर्ज काढलं ते लग्नाला, दवाखान्याला किंवा कापड विणायच्या यंत्रमागासाठी. वीस वर्षांचं गृहकर्ज घेणारे घरातले हे पहिलेच.

माझं उत्तर असं असतं, की झोप गेली एवढ्यावरून निर्णय चूक की बरोबर हे ठरवता येत नाही. त्या जागरणात पाच-सात निरनिराळ्या काळज्या एकमेकींत अडकलेल्या असतात. काहींचं उत्तर वकिलाकडे असतं, काहींचं बँकेत, काहींचं घरातल्याच एखाद्या माणसाकडे. त्या सुट्या केल्याशिवाय ‘घेऊ की नको’ या प्रश्नाला हात घालू नये. हे कसं करायचं ते एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगते. नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची संमती घेतली आहे.

श्रीनिवास आणि अनुराधा सोलापूरच्या पूर्व भागातले, साखर पेठेजवळ राहणारे. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. श्रीनिवास खासगी कंपनीत इंजिनिअर, अनुराधा माध्यमिक शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत. वडिलांचे घरामागच्या शेडमध्ये टॉवेलचे चार माग होते, त्यावरच श्रीनिवास शिकले. विजापूर रोडच्या बाजूला एका नव्या सोसायटीत त्यांनी तीन बेडरूमचा फ्लॅट पसंत केला. गेट, बाग, लिफ्ट, क्लब हाउस, सगळं होतं. किंमत ६० लाख. एक लाख टोकन दिलं आणि दुसऱ्याच आठवड्यात श्रीनिवास रात्री तीनला उठून बसायला लागले. छातीत धडधड, जेवण कमी, मुलीवर विनाकारण ओरडणं सुरू झालं. करार करायचा दिवस त्यांनी दोनदा पुढे ढकलला. अनुराधांना वाटलं, यांना घरच घ्यायचं नाही.

धडधड होते म्हटल्यावर मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवलं. ‘टेन्शनच असेल’ असं कुणीही परस्पर ठरवू नये, समुपदेशकानं तर मुळीच नाही. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या, मग आम्ही बोलायला बसलो.

पहिल्या भेटीत श्रीनिवास एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हेनं बोलत होते, ‘हप्ता झेपेल का?’ दोघांचा मिळून पगार सव्वा लाखाच्या आसपास. ४० लाख कर्ज, वीस वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी. हा हिशोब त्यांनी स्वतःच मला फडाफडा सांगितला. ज्याचं उत्तर तोंडपाठ आहे तोच प्रश्न माणूस रात्री तीनला पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्या प्रश्नाआड दुसरं काहीतरी उभं आहे असं मी समजते.

म्हणून मी त्यांना एक काम दिलं. डोक्यात येणारी प्रत्येक काळजी कागदावर लिहायची, कितीही क्षुल्लक वाटली तरी, आणि तिच्यापुढे उत्तर कुणाकडे मिळेल त्या माणसाचं नाव लिहायचं. ‘देव जाणे’ लिहायचं नाही. पुढच्या भेटीपर्यंत जमेल तेवढ्या माणसांना गाठायचं.

या कामातून बऱ्याच गोष्टी उलगडल्या आणि त्यातल्या काही काळज्या अगदी रास्त निघाल्या. बिल्डरच्या ऑफिसातून ‘करार नंतर करू, आधी १५ लाख भरा’ असा तगादा चालू होता. वकिलांनी सांगितलं, की रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही, म्हणजे इथं सहा लाखांपेक्षा एक रुपयाही जास्त नाही. महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख बघायलाही त्यांनीच सांगितलं. जाहिरातीत फ्लॅट १,४५० चौरस फुटांचा होता, कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, मात्र त्याहून बरीच कमी निघाली.

बँकेतून आणखी एक गोष्ट कळली. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, जीएसटी यांचा विचार श्रीनिवासांनी केलाच नव्हता. बांधकाम चालू असलेल्या अशा फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे तीन लाख. मुद्रांक शुल्क त्याच्यापेक्षा जास्त. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक कर्जाची रक्कम ठरवताना घराच्या किमतीत धरत नाही, ती पदरचीच घालावी लागते. म्हणजे सहा-सात लाखांचं भोक होतं आणि ते कुणाला दिसलं नव्हतं.

इथं थोडं थांबून सांगते. समुपदेशनाला आलेल्या माणसाची काळजी ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणं फार घातक आहे. शहराच्या हद्दीजवळ प्लॉट घेणारं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. बायको घाबरट आहे, तिला समजवा, असं नवऱ्याचं म्हणणं. सातबारा मागवला तर त्यावर एकाच घरातल्या अनेकांची नावं, जमीन अकृषिक (बिगरशेती) झालेली नाही आणि ले-आउटला मंजुरी नाही. बाईंची भीती शंभर टक्के खरी होती. त्यांना माझी गरजच नव्हती, त्यांच्या नवऱ्यानं त्यांचं ऐकायची गरज होती. कागदावर उत्तर मिळू शकतं अशी काळजी आधी कागदावरच तपासावी.

श्रीनिवासांच्या यादीतली पुढची काळजी त्यांनी फार अडखळत वाचली. ‘तिथं सगळे डॉक्टर आणि कॉन्ट्रॅक्टर. आपण तिथं शोभू का?’ वडील माग चालवत होते हे मुलीनं नव्या मैत्रिणींना सांगितलं तर त्या काय म्हणतील, आईचं मराठी ऐकून कुणी हसेल का, हेही त्यात होतं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले. असा विचार मनात येतो याचीच त्यांना लाज वाटत होती.

अशी काळजी पुष्कळांना असते आणि सहसा कुणी बोलत नाही. त्यांना मी ‘असं काही नसतं हो’ म्हटलं नाही, कारण कधीकधी असतं. मी एवढंच सुचवलं, की बिल्डरच्या माणसाशिवाय तिथं जाऊन या. रविवारी सकाळी जा, एखाद्या दिवशी संध्याकाळी सातला जा, तयार झालेल्या इमारतीत राहायला आलेल्या दोन-चार घरांशी बोला. आणि मान-अपमानाचं सोडून आधी पाण्याचं विचारा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात बोअर आटतात, मग टँकर येतात आणि तो खर्च मेंटेनन्समध्ये जमा होतो. नवरा-बायको दोघं गेले. दुसऱ्या मजल्यावर भवानी पेठेतून आलेलं एक कुटुंब भेटलं, त्यांच्याकडे चहा झाला आणि टँकरचा महिन्याचा खर्चही कळला. शोभण्याची काळजी त्यानं पूर्ण गेली नाही. पण तिथं सगळे परकेच असतील, ही धास्ती कमी झाली.

अनुराधांची बाजू फार सरळ होती. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, मला क्लब हाउस नको. अशी एक खिडकी पाहिजे, की उघडली तर समोरच्यांचं ताट दिसणार नाही. आणि पोरीला अभ्यासाला दार लावता यावं.’ त्यात दिखावा काहीच नव्हता आणि मी ते श्रीनिवासांसमोर त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

यादी संपत आली, तरी झोप येत नव्हती. कागदावर एक ओळ होती, ‘नानांचे माग.’ नाना म्हणजे वडील, पुढे नावही त्यांचंच लिहिलेलं. पण या एका माणसाकडे श्रीनिवास गेले नव्हते.

टोकन द्यायच्या महिनाभर आधी वडिलांनी चारही माग भंगारात विकले होते, एक ठेव मोडली होती आणि सहा लाख रुपये मुलाच्या खात्यात भरले होते. काही बोलले नाहीत. मागच्या शेडमधला आवाज बंद झाला. लहानपणापासून ज्या आवाजात झोप लागायची तो आवाज आपल्या फ्लॅटसाठी गेला, असं श्रीनिवासांच्या मनानं घेतलं होतं. आई-वडिलांची खोली म्हणूनच तिसरी बेडरूम हवी होती. त्यांचं ऋण तसं तरी फिटेल, असा विचार. पण वडिलांना ‘तुम्ही येणार ना?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

वडिलांना आपण बोलावू या का, असं मी विचारलं. श्रीनिवास नको म्हणाले. अनुराधा म्हणाल्या, ‘मी घेऊन येते.’

श्रीनिवासांचे वडील, माझ्यासाठी काका, आले, टोपी मांडीवर ठेवून बसले. मी त्यांना पैशाचं विचारलं नाही. माग किती वर्षं चालवले ते विचारलं. ते बराच वेळ बोलले. सुताचे भाव, विजेचं बिल, पोरं आता या धंद्यात येत नाहीत, कामगार मिळेना, स्वतःचे गुडघे गेलेले. मग मुलाकडे न बघता म्हणाले, ‘विकायचेच होते की ते. तीन वर्षं झाली, मनात होतं. पण लोकांना काय सांगायचं? धंदा जमेना म्हणून बंद केला, असं कसं सांगू? पोराच्या घरासाठी विकले म्हटलं, की मान राहतो.’

श्रीनिवास बघतच राहिले. ज्या गोष्टीचा भार घेऊन ते रात्री उठून बसत होते, तिनं वडिलांना खाली मान न घालता धंद्यातून बाहेर पडायची वाट दिली होती. दोघं एकाच घरात राहत होते आणि दोघंही एकमेकांना जपण्यासाठी गप्प होते. असं आपल्याकडे फार होतं. बापलेकांत पैशाचे व्यवहार होतात, पैशाबद्दल बोलणं होत नाही.

काका पुढे म्हणाले, ‘आणि आम्ही दोघं काही तिकडं येणार नाही. सणाला येऊ, चार दिवस राहू. हिची सगळी माणसं इकडं आहेत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, तो बघायला काय गाडी करून येऊ? आम्हाला एकच अडचण आहे. संडास वरच्या मजल्यावर आहे. रात्री हिला जिना चढवत नाही.’

ही अडचण यादीत कुठेच नव्हती. तिसऱ्या बेडरूमसाठी सतरा लाख जास्त मोजायची तयारी चालली होती. ज्यांच्यासाठी, त्यांना हवं होतं तळमजल्यावर कमोडचं एक न्हाणीघर. एरवी वयस्कर माणसांनी ‘आम्ही येत नाही’ म्हटलं, की मी ते लगेच मान्य करत नाही. पुष्कळदा तो संकोच असतो, सुनेला त्रास नको म्हणून. त्यामुळे काकूंना मी एकटीला भेटले. त्यांचं म्हणणं काकांपेक्षाही ठाम होतं. तिकडं दिवसभर दारं लावलेली असतात, त्या म्हणाल्या, बोलायचं कुणाशी?

मग हिशोब नव्यानं मांडला. त्याच सोसायटीत दोन बेडरूमचा फ्लॅट ४३ लाखांना होता. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौरस मीटरच्या आत असलं, की महानगरांबाहेर जीएसटी ५ ऐवजी १ टक्का लागतो. तो त्यात बसत होता. ३३ लाख कर्ज घेतलं, हप्ता सुमारे २८,६०० रुपये. बाकीची रक्कम आणि सरकारी खर्च दोघांच्या स्वतःच्या बचतीत बसला. वडिलांच्या सहा लाखांना हात लावावा लागला नाही.

फ्लॅट फक्त अनुराधांच्या नावावर केला असता तर महिला खरेदीदार म्हणून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळाली असती. आमच्याकडे त्यावरही बोलणं झालं. कर्ज दोघं फेडणार तर नाव दोघांचं असावं, असं अनुराधांनीच ठरवलं आणि त्रेचाळीस हजारांची सवलत सोडली. दुसरं जोडपं वेगळं ठरवेल, त्यातही काही गैर नाही. मात्र नाव कुणाचं हे सबरजिस्ट्रारच्या कार्यालयात रांगेत उभं राहून ठरवू नये.

करार नोंदवला त्या आठवड्यात श्रीनिवास सलग झोपले का? नाही. महिनाभर तरी मधूनमधून जाग येत होती. मोठं कर्ज घेतल्यावर तेवढं व्हायचंच आणि त्याची मला फार चिंता वाटत नाही. पण आता जाग आली तर कशानं आली ते त्यांना सांगता येत होतं आणि ते अनुराधांना उठवून सांगत होते. जाग दोन-तीन महिन्यांनंतरही तशीच राहिली असती, कामावर लक्ष लागेनासं झालं असतं, जगणंच नको वाटायला लागलं असतं, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तुमच्या घरात कुणाचं असं होत असेल, तर घराचा सौदा बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

साखर पेठेतल्या घरी शेड होती तिथं आता न्हाणीघर झालंय, खर्च काकांनी त्या सहा लाखांतूनच केला. उरलेल्या पैशांचं आणि त्या घराचं पुढे काय, हा विषय अजून बाकी आहे. श्रीनिवासांची बहीण पुण्यात असते. नानांनी पैसे आधी फक्त भावाला दिले होते हे तिला नंतर कळलं आणि ती दुखावली आहे. पुढच्या महिन्यात ती सोलापूरला येते आहे. या वेळी सगळ्यांनी एकत्र बसायचं, असं काकांनी स्वतः फोन करून सांगितलंय.