गेल्या वर्षभरात वाचलेल्या पुस्तकांपैकी सर्वांत आवडलेली कोणती?

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे', आणि तेही बाकीच्यांपेक्षा बऱ्याच फरकाने. वडिलांचं कडक सोवळं, कवी नवऱ्याचा लहरी संसार, १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर वाट्याला आलेली वर्षानुवर्षांची ताटातूट. एवढं सोसलेली ही बाई कुठेही रडगाणं गात नाही. भाषा थेट घरात बोलतात तशी. दुःखाच्या प्रसंगातही तिला गंमत दिसते आणि नवऱ्याची खोड काढताना प्रेम लपत नाही. रीतसर शाळा न शिकलेल्या व्यक्तीने असं गद्य लिहावं, याचं मला पानोपानी नवल वाटत राहिलं. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण शक्यतो संपूर्णच वाचा.

दुसरं, विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९). युरोपातून निघालेली बोट, त्यावर नाझींच्या छळामुळे देश सोडलेले ज्यू, आणि चक्रधर-हॅर्टा यांचं थोड्या दिवसांचं प्रेम. कादंबरी छोटी आहे, एका बैठकीत संपते. शेवट कुणाकडून आधी ऐकू नका.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी पुन्हा वाचली. दुष्काळात वाडी ओस पडते ती पानं आजही तितकीच हलवतात.

एकच घ्यायचं असेल तर 'स्मृतिचित्रे' घ्या.