कोळसुंद्यात आणि माझ्यात काय साम्य आहे?

आवडत्या वन्यप्राण्याशी तुमचं काय जुळतं, असा प्रश्न आहे. बहुतेकजण वाघ सांगतात. पण वाघ एकांडा. पिल्लं वाढवायची ती वाघिणीने एकटीने. माणसांच्या गोतावळ्यात वाढलेल्याने वाघाशी नातं सांगावं ही नुसती हौस. माझं मत कोळसुंद्याला, म्हणजे रानकुत्र्याला. आपल्याकडे ताडोबा, पेंच, मेळघाटात तो आहे.

वजन जेमतेम १२ ते १८ किलो. सांबर त्याच्या दसपट भरतं, म्हणजे एकट्याच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून टोळी, साधारण पाच ते बारा जणांची. शिकारीची वेळही बरीचशी माणसाची: उजाडल्यावर आणि दिवस मावळायच्या आत. दाट रानात पांगले की शिट्टीसारखा आवाज काढून पुन्हा जमतात.

खरं साम्य मात्र बिळापाशी दिसतं. हिवाळ्यात टोळीतली बहुधा एकच मादी विते, पण पिल्लं सगळ्यांची. बाकीचे शिकारीला जातात तेव्हा आईसोबत एखाददुसरा राखणीला थांबतो. परत आलेले पोटातलं मांस ओकून पिल्लांना देतात, आईला देतात आणि राखणदारालाही देतात. पिल्लू मोठ्याच्या ओठांच्या कडा चाटतं, मुस्कटाने ढोसतं, तीच मागणी. घरी थांबणाऱ्याचा वाटा न बुडवणारा हा प्राणी मला म्हणूनच जवळचा वाटतो. (हे सगळ्या माणसांना जमतं असं नाही.) साधारण अडीच महिन्यांनी पिल्लं बीळ सोडतात आणि पुढे शिकारीवर पहिली पंगत त्यांची असते.

साम्य फार ताणू नका. कोळसुंदा मोठ्या जनावराला जिवंतपणीच फाडून खायला लागतो. बिबट्यासारखी नरडं दाबून धरायची ताकद एकट्याच्या जबड्यात नाही, म्हणून सगळे मिळून पोट फाडतात. रक्तस्राव आणि धक्क्याने जनावर मरतं. यावरून त्याला क्रूर ठरवलं गेलं. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी त्याला मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं.

ओळखताना गावकुत्र्याशी गल्लत होते. तांबूस अंग, गोलसर कान आणि टोकाकडे काळी होत गेलेली झुपकेदार शेपटी पाहा. खात्रीची खूण तोंडात असते: कुत्र्याला खालच्या जबड्यात दर बाजूला मागच्या तीन दाढा असतात, याला दोनच. सफारीत उन्हाळ्यात पाणवठ्यावर थांबा. पोटभर खाऊन झालं की तो पाण्यात बूड टेकून बसतो. गाडी बंद ठेवा. बीळ दिसलं तर मात्र थांबूच नका. वर्दळ वाढली की आई पिल्लं दुसरीकडे हलवते आणि त्या धावपळीत पिल्लं दगावू शकतात.

एक साम्य नकोसं आहे: रेबीज माणसाला होतो तसा यालाही होतो. गावकुत्र्यांकडून डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) आला तर तोंडाला तोंड लावायच्या याच सवयीमुळे टोळीभर पसरायला वेळ लागत नाही. जंगलाशेजारच्या गावांत कुत्र्यांना या दोन्ही रोगांच्या लसी टोचून घ्याव्यात, नुसती रेबीजची पुरत नाही. शिवाय हॉटेलांचं उष्टं-खरकटं रानाच्या कडेला टाकणं बंद करावं, कारण गावकुत्री त्याच्या मागेच आत शिरतात.