व्हिजिट व्हिसावर दुबईला पाठवू का?

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. दहावीनंतर सरकारी आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला, लोटे एमआयडीसीत वर्षभर ॲप्रेंटिस होता, आता तिथेच ठेकेदाराकडे १४ हजारांवर काम करतो. ओळखीतल्या एका एजंटाने दुबईत १८०० दिरहमची नोकरी सांगितली आहे. एकूण खर्च १ लाख २० हजार. आत्ता व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर महिन्याभरात वर्क व्हिसा होईल, असं तो म्हणतो. टोकन म्हणून १० हजार आणि मुलाचा पासपोर्ट त्याच्याकडे दिलाय. बाकीच्या पैशांसाठी मुलाच्या आईचे दागिने गहाण ठेवायचं चाललंय. कुवेतला असलेला माझा भाचा 'घाई करू नका' म्हणतो, पण मुलगा ऐकत नाही. पाठवू, की डिप्लोमाला घालू?
– एक पालक, खेड (जि. रत्नागिरी)

सप्रेम नमस्कार.

दागिन्यांचं आणि डिप्लोमाचं पुढे बोलूच. आधी पासपोर्ट परत आणा, याच आठवड्यात. दुबईच्या व्हिसाला मूळ पासपोर्ट लागतच नाही. तिकडचा एंट्री परमिट ऑनलाइन निघतो, त्याला पासपोर्टची स्कॅन कॉपी आणि फोटो पुरतो. व्हिसाचा शिक्का मूळ पासपोर्टवरच मारणाऱ्या एखाद्या देशाचं काम असतं तर तो मागणं समजलं असतं, आणि तेव्हाही पावती मिळायला हवी. इथे तो मागण्याचं एकच कारण मला दिसतं. पासपोर्ट हातात असला की पार्टी दुसरीकडे जात नाही. पासपोर्ट कायद्याने भारत सरकारच्या मालकीचा असतो, तो अडवून ठेवायचा अधिकार कुठल्याच एजंटाला नाही. गोड बोलून मागा. टाळाटाळ झाली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करा आणि तिची प्रत मुंबईच्या 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स'च्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) कार्यालयाला पाठवा. तक्रारीचं नाव काढलं तरी पुष्कळदा पासपोर्ट घरी येतो.

आता व्हिजिट व्हिसा. एजंटाचं बोलणं संपूर्ण खोटं नाही, आणि घोळ तिथेच होतो. व्हिजिट व्हिसावर जाऊन मुलाखती देणं आणि नोकरी मिळाल्यावर तिथल्या तिथे व्हिसाचा प्रकार बदलून घेणं यूएईत चालतं. तसे गेलेले आणि आज चांगले स्थिरावलेले लोक तुमच्याही तालुक्यात सापडतील. पण ते गेले तेव्हा बहुतेकांचा तिथे सख्खा भाऊ किंवा मामा होता, दोन महिने फुकट राहायला-खायला जागा होती आणि परतीचं तिकीट खिशात होतं. तुमच्या मुलाला मात्र 'नोकरी ठरलेली आहे' असं सांगून व्हिजिटवर पाठवताहेत. नोकरी खरंच ठरली असेल, तर कंपनी इथे बसल्या-बसल्या त्याच्या नावाचा वर्क परमिट काढू शकते. ते ती का करत नाही? या प्रश्नाचं सरळ उत्तर एजंटाकडून घ्या. मला तरी ते अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

व्हिजिटवर असताना काम करणं बेकायदा आहे. २०२४ मध्ये यूएईने कायदा कडक केला. परमिटशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला आता १ लाखापासून १० लाख दिरहमपर्यंत दंड होतो. त्यामुळे नावाजलेल्या कंपन्या या भानगडीत पडत नाहीत. उरतात ते छोटे ठेकेदार, जे महिनाभर 'ट्रायल' म्हणून राबवून घेतात आणि व्हिसा संपायला आला की फोन उचलत नाहीत. मुलगा पगारासाठी भांडायला गेला, तर बेकायदा काम करत होता म्हणून तोच आधी अडकतो. मुदत संपल्यावर दररोजचा दंड चढत जातो तो वेगळाच.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे 'आझाद व्हिसा'. कागदावर एका कंपनीचा माणूस, काम भलतीकडेच. एजंट पुढच्या भेटीत हा शब्द काढेल, तेव्हा उठून घरी या.

आणि आता १ लाख २० हजारांचा हिशेब. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करायची तर १९८३च्या एमिग्रेशन ॲक्टप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. नोंदणीकृत एजन्सीला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो, म्हणजे ३५,४०० रुपये, आणि तेही रीतसर पावती देऊन. तिकडे यूएईच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं स्पष्ट आहे. व्हिसाचे पैसे कंपनीनेच भरायचे असतील, तर तुमचे लाखभर रुपये नेमके कशाचे? एजंटाला पान मांडून लिहून द्यायला सांगा : तिकीट किती, मेडिकल किती, सर्व्हिस चार्ज किती. माझा अंदाज आहे की तो लिहून देणार नाही.

एजन्सीची नोंदणी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येते. नुसता परवाना क्रमांक पाहून समाधान मानू नका. चांगल्या एजन्सीचा क्रमांक आपल्या जाहिरातीत छापणारे महाभाग आहेत. नाव, पत्ता आणि परवाना आज चालू आहे की मुदत संपलीय, या तिन्ही गोष्टी जुळवा. मग त्या पत्त्यावर स्वतः जा. 'मी त्यांचा सब-एजंट' हे उत्तर ग्राह्य धरू नका, कायद्यात सब-एजंट असा कुणी नसतो.

मुलगा दहावी पास आहे, म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीएनआर, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणी न लागणारा, असणार. याला आपल्याकडे लोक फार मोठी सोय समजतात, आणि घाईच्या वेळी ती आहेही. पण तिचा दुसरा अर्थ कुणी सांगत नाही. ही तपासणी लागणारा, म्हणजे ईसीआर पासपोर्टवाला, आखाती देशात कामाला निघाला, की त्याचा करार, पगार, कंपनी हे सगळं सरकारी कार्यालयाच्या नजरेखालून जातं आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा १० लाखांचा विमा उतरवावाच लागतो. तुमच्या मुलाला ही चाळणी लागणार नाही. विमानतळावर त्याला कुणी विचारणार नाही, 'बाबा रे, करार दाखव.' ती चाळणी तुम्हाला घरीच लावायची आहे.

१८०० दिरहम ऐकायला चांगले वाटतात. दिरहमला २४ रुपये धरले तर ४३ हजार होतात, आणि लोट्याच्या १४ हजारांपुढे तो आकडा पाहून कुठलाही पोरगा हरखेल. पण आखातात पगार विचारताना पहिला प्रश्न 'बेसिक (भत्ते सोडून मूळ पगार) किती' हाच असतो. तुमच्या भाच्यालाही विचारा, तो हेच सांगेल. १८०० मध्ये बेसिक १००० आणि बाकीचे खाण्याचे, राहण्याचे, इतर भत्ते असतील, तर ओव्हरटाइम बेसिकवर निघतो. यूएईत साधा ओव्हरटाइम सव्वापट असतो. १००० बेसिकवाल्याला तासाला साधारण सव्वापाच दिरहम मिळतात, पूर्ण १८०० बेसिक असलेल्याला नऊच्या वर. महिन्याला ५० तास ओव्हरटाइम केला तर दोघांत २०० दिरहमचा फरक पडतो. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटीही बेसिकवरच : पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा पगार, आणि तीही किमान एक वर्ष पूर्ण झालं तर. म्हणजे वर्षाला एकाला ७०० दिरहम, दुसऱ्याला १२६०. एकाच १८०० च्या या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

कंपनीची खरी ऑफर कशी ओळखायची? यूएईत ती तिथल्या कामगार मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात असते. त्यात पद, बेसिक, भत्ते, कामाचे तास, सुट्टी, करार किती काळाचा हे सगळं येतं, आणि अरबी-इंग्रजीबरोबर ती हिंदीतही मिळू शकते. मागून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेलं, कंपनीचा लोगो डकवलेलं आणि खाली 'एचआर मॅनेजर' अशी सही असलेलं पत्र म्हणजे ऑफर लेटर नव्हे. ऑफरवरचं पद आणि व्हिसावरचं पद एकच आहे का तेही पाहा. 'इलेक्ट्रिशियन' म्हणून नेऊन परमिटवर 'हेल्पर' लिहिलं, की पगार हेल्परचाच ठरतो आणि पुढच्या नोकरीत अनुभवही हेल्परचाच धरतात.

राहण्याची जागा कशी आहे, एका खोलीत किती जण, हे विचारायला पोरं लाजतात. १२ जून २०२४ ला कुवेतमधल्या मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४० हून अधिक भारतीय गेले. तुमच्या भाच्याला ते आठवत असेल. तुम्ही वडील आहात, हा प्रश्न तुम्ही विचारा.

आणखी एक, थोडं आडवाटेचं. पैसे भरण्याआधी इथेच एक छातीचा एक्स-रे काढून घ्या. दुबईत उतरल्यावर मेडिकल होतं, आणि छातीवर जुन्या टीबीचा डाग निघाला तर पहिल्यांदाच आलेल्या माणसाला परत फिरावं लागू शकतं. काहीशे रुपयांत कळणारी गोष्ट तिकिटाचे पैसे घालवून कशाला कळून घ्यायची?

माझं मत सरळ आहे. या एजंटाकडून, या पद्धतीने पाठवू नका. पण आखातात पाठवूच नका, असं मी म्हणत नाही. खेड, दापोली, चिपळूणच्या किती घरांवर आखाताच्या पैशाने स्लॅब पडलाय हे मी तुम्हाला काय सांगणार! मुलगा दीड-दोन वर्षांनी जाऊ दे, आणि इलेक्ट्रिशियन म्हणूनच जाऊ दे.

मधल्या काळात काय करायचं, ते त्याला नीट सांगा. ॲप्रेंटिसशिप झालीय, पण शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हातात आलंय का? पुष्कळ मुलं इथेच ढिलाई करतात. नसेल तर आधी ते. मग वायरमनचा परवाना. लोट्यात तो ठेकेदाराकडे आहे, तर पगारपत्रक, हजेरी, पीएफ यांतलं काय त्याच्या नावावर निघतं ते पाहा. कागदावर नसलेला अनुभव मुलाखतीत मोजला जात नाही. जमलं तर मेंटेनन्सच्या कामात शिरावं : पॅनल, मोटर कंट्रोल, जनरेटर. बांधकामाच्या साइटवर पाइप टाकून वायर ओढणारा इलेक्ट्रिशियन आणि चालू इमारतीत बिघाड शोधणारा इलेक्ट्रिशियन यांना आखातात वेगळा भाव असतो, आणि दुसऱ्याला उन्हाचा त्रासही कमी. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे, यावरून ऊन काय असेल ते समजा. साइटवर हिंदीत निभावतं, पण ड्रॉइंग आणि सेफ्टीच्या सूचना इंग्रजीत असतात. बोलायची इंग्रजी नंतर येईल, वाचायची इंग्रजी आधी पाहिजे.

फक्त दुबईच डोळ्यापुढे ठेवू नका. सौदीने इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर अशा कामांसाठी कौशल्य चाचणी लावली आहे, ती भारतातच देता येते. चाचणी पास असलेला मुलगा आणि एजंटाच्या भरवशावरचा मुलगा यांत कंपनी कुणाला घेईल? सौदीच्या कायद्यातही इकामा (तिथे राहण्याचा परवाना) आणि वर्क परमिटचा खर्च मालकाचाच. मात्र बँकॉकमार्गे 'डेटा एन्ट्री'ची किंवा 'कस्टमर सपोर्ट'ची लठ्ठ पगाराची नोकरी कुणी सांगितली, तर तिच्या वाटेला जाऊ नका. म्यानमार आणि कंबोडियातल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांतून आपली मुलं सोडवून आणावी लागली आहेत.

डिप्लोमाचं म्हणाल, तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पुढे सुपरवायझर व्हायला त्याचा उपयोग होतोच. पण मुलाला गणित नकोसं असेल आणि केवळ दुबईचं खूळ डोक्यातून जावं म्हणून तुम्ही त्याला घालणार असाल, तर नका घालू. नापासांचे विषय साचवत दोन वर्षं घालवण्यापेक्षा तीच वर्षं पॅनलसमोर गेलेली बरी. गणिताची आवड आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. त्यालाच विचारा.

दागिने गहाण ठेवू नका. सरळ मार्गाने जायचं तर ३५ हजार फी, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रांचं साक्षांकन आणि कंपनी देत नसेल तर तिकीट, एवढाच खर्च. दीड वर्ष महिन्याला ४ हजार बाजूला टाकले तर ७२ हजार होतात. त्याने स्वतःच्या पगारातले टाकावेत. टोकनचे १० हजार परत मागा, मिळाले नाहीत तरी त्यापायी उरलेले १ लाख १० हजार देऊ नका.

मुलगा तुमचं ऐकत नाही म्हणता. त्या वयात वडिलांचं कोण ऐकतं! त्याला भाच्याशी व्हिडिओ कॉलवर बसवा आणि तुम्ही खोलीतून बाहेर जा. भाच्याला एवढंच सांगून ठेवा : आपली पगाराची स्लिप दाखव, झोपायची खोली दाखव, आणि पहिल्या वर्षी हातात किती उरले ते खरं सांग. त्यानंतरही मुलगा 'मला जायचंच' म्हणाला, तर ई-मायग्रेटवरच्या नोंदणीकृत एजन्सींची यादी त्याच्या पुढ्यात ठेवा आणि पुढची चौकशी त्यालाच करू द्या. कुठे अडलं तर परराष्ट्र मंत्रालयाचा टोल-फ्री क्रमांक १८०० ११ ३०९० आहे, तिथे हिंदीत बोलता येतं.